ऱ्हायलं का कुनी?

आधीच सांगते, मी असले अनुभव लिहिणाऱ्यांपैकी नाही. वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. परभणीत माझं औषधांचं दुकान आहे. रोज कुणी ना कुणी "बाधा झालीय ताई", "नजर लागली लेकराला" म्हणत पायरी चढतं आणि मी त्यांच्या हातात ओआरएसची पाकिटं ठेवून डॉक्टरकडे पिटाळते. दुकानाच्या शटरला लिंबू-मिरची लटकलेली दिसेल, पण ती मी बांधत नाही. शेजारचा चपलांचा दुकानदार दर शनिवारी मला न विचारता बांधून जातो... आणि मी भांडण नको म्हणून गप्प बसते.

तरी लिहितेय, कारण घरात हे बोलायची सोय उरली नाही. आमच्या ह्यांना सांगायला गेलं की ते "सेन्सर" एवढा एकच शब्द म्हणतात आणि पेपर तोंडासमोर धरतात. असेल सेन्सर. मी काही नाही म्हणत नाही. मी फक्त घडलं तसं सांगते.

गाडीपासून सुरुवात करावी लागेल. स्कूटीवरून पडून माझा डावा घोटा मोडला, तो जुळला पण क्लच दाबण्याच्या कामाचा राहिला नाही. म्हणून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ज्यांनी अशी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाडी उभी केली की दांडा 'पी'वर, म्हणजे पार्कवर ठेवायचा. चाकं आतून अडकून बसतात. निघताना ब्रेकवर पाय दाबायचा, आत कुठंतरी 'टक्' असा बारीक आवाज होतो, मग दांड्याचं बटण दाबलं जातं आणि दांडा 'डी'वर येतो. ब्रेक दाबला नाही तर तो हलतच नाही. एवढंच.

माझ्या वडिलांना, अण्णांना, ही गाडी बिलकुल पटली नव्हती. त्यांनी पालम-गंगाखेड रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवण्यात जन्म घालवला. "गेरच न्हाई तर ही गाडी ऐकती कुनाचं?" असं ते दांड्याकडे संशयानं बघत म्हणायचे. आणि त्या सीटबेल्टच्या आवाजावर तर त्यांचा खास राग होता. पुढच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग वाजत राहते. अण्णा पट्टा लावायचे नाहीत. मी चिडायचे, ते खिडकीबाहेर बघायचे. "लय बडबडी हाय तुजी गाडी," म्हणायचे. पालमहून गंगाखेड येईपर्यंत टुंग टुंग... शेवटी मी गाडी थांबवून त्यांच्या अंगावरून पट्टा ओढायचे, तेव्हा कुठं शांतता.

पण अण्णांची खरी सवय वेगळीच होती. जीप कितीही भरलेली असो, टपावर माणसं असोत, उशीर झालेला असो, निघायच्या आधी ते गाडीला एक चक्कर मारायचे. बॉनेटवर दोनदा थाप मारायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "ऱ्हायलं का कुनी?" मग जरा थांबायचे. कुणाची ओ आली नाही की मगच चढायचे. सगळ्यात शेवटी, नेहमी. चहाच्या टपरीवर थांबलेला, झाडामागं गेलेला, पाणी प्यायला उतरलेला एकही माणूस त्यांच्या जीपनं कधी मागं सोडला नाही. पालमच्या बसस्टँडवर त्यांची नक्कल करणारे कितीतरी होते.

माझ्या गाडीत ते प्रवासी असायचे, तरी चक्कर चुकायची नाही. पिंगळीला माझ्या सासरी लग्न होतं. सगळी वऱ्हाडी मंडळी दारात उभी, आणि अण्णा नव्या धोतरात गाडीभोवती फिरून बॉनेट बडवतायत, "ऱ्हायलं का कुनी?" गाडीत आम्ही तिघंच. मी, माय आणि ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माय मात्र मागच्या सीटवर शांत बसून होती. तिनं आयुष्यभर हेच ऐकलं होतं.

ही सवय लागली कशी, ते शेवंताआत्यानं मला सांगितलं होतं. ती अण्णांची मोठी बहीण. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, पूजा करतात आणि भज्जी, उंडे, आंबील, खीर असं पोट फुटेस्तोवर जेवतात. तर अण्णा लहान असताना अशाच एका येळवशीला घरच्या दोन बैलगाड्या शेतात गेल्या होत्या. परतताना या गाडीतल्यांना वाटलं किसन, म्हणजे अण्णा, त्या गाडीत आहे आणि त्या गाडीतल्यांना वाटलं तो या गाडीत आहे. वाटेत कुणीतरी आत्याला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "तिकडल्या गाडीत हाय." न बघता म्हणाली. घरी पोचल्यावर पोरगं कुठल्याच गाडीत नाही म्हणताना बायकांनी ऊर बडवला. आजोबा कंदील घेऊन उलटे पळाले. तर हा कोपीत पांडवांना टेकून बसलेला होता. रडत नव्हता. आजोबांना एवढंच म्हणाला, "कुनी इचारलंच न्हाई."

आत्या हे सांगताना दर वेळी डोळ्याला पदर लावायची. आणि अण्णा समोर असले तर म्हणायचे, "बास कर की बाई, किती वर्सं झाली."

गेल्या श्रावणात अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, भाग्यवान, कुणाला त्रास दिला नाही. मला मात्र दुःखाच्या आधी राग आला होता. ज्या माणसानं जन्मात कुणाला मागं ठेवून गाडी हलवली नाही, तो आम्हा दोघींना न विचारता निघून गेला. मी तो राग कुणाला बोलून दाखवला नाही. ज्याच्याशी भांडायचं होतं तो माणूसच नव्हता.

आता प्रश्न मायचा होता. मी एकुलती एक. मायला बीपी आहे, एकदा न्हाणीत चक्कर येऊन पडलीही होती. तेराव्यानंतर मी तिला म्हटलं, चल परभणीला. ती म्हणाली, "न्हाई."

"इथं एकटी काय करणारेस?"

"एकली कामून? हे हायेत की हितं. म्या आले तर हे एकले ऱ्हातेत."

मी समजावलं, भांडले, रडले. माय उंबऱ्यात बसून तुरी निवडत राहिली. शेवटी मी पिशव्या गाडीत फेकल्या, धाडकन दार लावलं आणि चावी फिरवली. ब्रेक दाबला. दांड्याचं बटण दाबलं... दाबलं जाईना. दांडा पार्कवर घट्ट. पुन्हा ब्रेक, पुन्हा बटण, काही नाही. गाडी बंद केली, चालू केली, तरी तेच.

माझा चुलतभाऊ दत्ता अंगणातच होता. त्याचं पालममध्ये मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे विमान सोडून सगळं आपल्याला समजतं असा त्याचा समज आहे. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघून "हां..." म्हणाला आणि बंद केलं. मग गाडी मागून ढकलली, पुढून ढकलली. घामाघूम झाला. तेवढ्यात माय आतून तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन आली. पुढचं दार उघडून तिनं पिशवी सीटवर ठेवली. दारावर हात ठेवून जराशी उभी राहिली. मग हळूच दार लावलं. मी वैतागून बटण दाबलं, तर दांडा सरळ खाली आला.

"बघ, माज्या ढकलन्यानं निसटलं," दत्ता म्हणाला.

डाळीच्या वजनानं पट्ट्याचा आवाज सुरू झाला, टुंग टुंग. गंगाखेडला थांबून मी डाळीला पट्टा लावला आणि तशीच हसत-रडत घरी आले. परभणीच्या मेकॅनिकनं सांगितलं, ब्रेकचा स्विच खराब होत आला असेल. तो बदलला. विषय संपला. यात अमानवीय काहीच नव्हतं, आणि पुढचं घडलं नसतं तर मी ही डाळीची पिशवी विसरूनही गेले असते.

मग येळवस आली. अण्णांशिवायची पहिली. मला जायचं नव्हतं, पण माय म्हणाली, "पांडव तर मांडायलाच पायजेत." मी परभणीहून एकटीच सरळ शेतात गेले. बाकी सगळे दत्ताच्या ट्रॅक्टरमध्ये आले होते, बायका-पोरं, भांडी, आंबिलीचा माठ. शेवंताआत्याही आली होती. आता तिला दिसायला कमी झालंय, साखरेची गोळी चालू आहे, पण येळवस चुकवत नाही. तिनं कोपीतल्या दगडांवरून हात फिरवला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिली. त्या दिवशी ती नीट जेवलीही नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं, रोज हेच काम करते मी... पण त्या गडबडीत नाही आलं.

ऊन उतरल्यावर आवराआवर झाली. ट्रॅक्टर भरून निघाला. मायला गावात घरी सोडून मी पुढं परभणीला जाणार होते. ती माझ्या शेजारी पुढं बसली. शेतात आता कुणी दिसत नव्हतं. चुलीतली राख तेवढी धुमसत होती आणि गार वारं सुटलं होतं.

ब्रेक दाबला. टक् आवाज नाही. दांडा हलेना.

मी उतरून मागं गेले, मायला ब्रेकवर काठी दाबायला लावली. मागचे लाल दिवे लागत होते, म्हणजे स्विच चांगला होता. दांड्याच्या बाजूला एक छोटं झाकण असतं. ते उचकटून आतला खटका दाबला की वीज-बिज काही नसलं तरी दांडा सुटतो, असं मी त्या मेकॅनिककडून शिकून घेतलं होतं. झाकण उचकटलं, नख तुटलं, चावीचं टोक आत खुपसून दाबलं. खटका दाबला जात होता, पण दांडा ढिम्म. जमीन सपाट होती, गाडी कुठं कललेली नव्हती. मोबाइलवर व्हिडिओ लावावा तर रेंज एकच कांडी, गोल गोल फिरतंय नुसतं.

मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. माय समोर बघत होती. म्हणाली, "कामून चिडायलीस? थांबायला लावलंय तर थांबावं."

"कुणी थांबायला लावलंय, माय?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तिच्या शेजारी बसायची भीती वाटली. उतरून बांधावर रेंज शोधत गेले आणि दत्ताला फोन लावला.

तो ट्रॅक्टर घरी लावून मोटारसायकलवर आला. हातात पाने-स्क्रूड्रायव्हर, तोंडात "म्या म्हनलो न्हवतो का." तो गाडीत डोकं घालून खुडबुड करत असताना मी त्याला सहज म्हटलं, "आत्याची संध्याकाळची गोळी असते. घरी फोन करून सांग, आधी काहीतरी खाऊ घाला."

दत्तानं डोकं बाहेर काढलं. "आत्या? आत्या तर तुमच्यासंगं हाय ना?"

"आमच्यासोबत कशी असेल? ती ट्रॅक्टरमध्ये चढली ना?"

"ताई, चढताना म्या इचारलं तर बायका म्हनल्या, आत्या मोटारीत येयलीय. मऊ सीटवर."

मायनं गाडीतूनच तोंडावर हात दाबला. मग दत्ता "आत्या!" करून ओरडत सुटला.

कोपीत नव्हती. विहिरीपाशी नव्हती. मी विहिरीत वाकून बघितलं, ते बघताना काय झालं ते लिहवत नाही. उजेड जायला लागला होता. तूर डोक्याएवढी उंच, त्यात माणूस दोन हातांवर असलं तरी दिसत नाही. शेवटी दत्ताला तिची चप्पल सापडली आणि तिथून थोडं आत, तुरीच्या ओळीत, बांधाला टेकून आत्या बसलेली होती. अंगाला दरदरून घाम, हात गार, डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड. आडोशाला गेली होती, चक्कर आली, खाली बसली ती उठता आलंच नाही. साखर उतरली होती. टोपलीत खिरीसाठी आणलेला गूळ उरला होता, तो मी पाण्यात कालवून थेंब थेंब तिच्या ओठांतून सोडला. जरा वेळानं तिनं गिळला. अजून जरा वेळानं डोळे उघडले.

ती रात्र तिथं, त्या थंडीत, तशा साखरेवर... सकाळी आम्हाला काय सापडलं असतं, ते एक औषधवाली म्हणून मला नेमकं माहीत आहे.

"कवापासून वरडायलाव आत्या, ओ का न्हाई दिली?" दत्ता रडकुंडीला येऊन म्हणाला.

आत्या माझ्याकडे बघत होती. सावकाश, शब्द जुळवत म्हणाली, "दिली की ओ. किसननं इचारलं, ऱ्हायलं का कुनी. म्या म्हनलं, म्या हाय रे. तर म्हनला, बस, हालू नको. थांबवतो गाडी."

दत्तानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी शेतात आमच्यापैकी कुणीही ते वाक्य उच्चारलं नव्हतं. ट्रॅक्टर निघताना नाही, मी निघताना नाही. विचारलं असतं तर ती मागं राहिलीच नसती.

तिला उचलून आणलं. माय पुढून उतरून मागं बसली आणि आत्याचं डोकं मांडीवर घेतलं. दत्तानं पुढचं उघडं दार लोटून लावलं, "तुमी चला, म्या मागून येतो" म्हणाला. मी ब्रेक दाबला. टक्. दांडा असा खाली आला, जसं काही झालंच नव्हतं.

गाडी कच्च्या रस्त्याला लागली तसं टुंग टुंग सुरू झालं. मला वाटलं, घाईत मागचं दार नीट लागलं नसेल. थांबायला वेळ नव्हता. पालमच्या दवाखान्यापर्यंत तो आवाज चालू होता. सलाइन लागली, आत्या वाचली, दुसऱ्या दिवशी चहात साखर कमी म्हणून सुनेला बोललीसुद्धा.

मी गाडी परभणीत मोठ्या गॅरेजला दाखवली. त्यांनी कॉम्प्युटर लावला. काही दोष नाही. "मॅडम, ब्रेक नीट दाबला नसेल," तो पोरगा म्हणाला, आणि मी त्याला असं सुनावलं की मालक बाहेर आला. आत्याचं बोलणं मी साखर उतरल्यावरचा भ्रम म्हणून बाजूला ठेवलं. अशा अवस्थेत माणसाला काहीही ऐकू येतं, आणि येळवशीच्या दिवशी त्या शेतात तिला दुसरं काय ऐकू येणार? इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं.

होळीनंतर माय पुन्हा न्हाणीत पडली. या वेळी मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलेल्या हातानं भाकरी करता येईना, तेव्हा ती कबूल झाली. पण तोंडावर असा भाव होता, जणू मी तिला चोरी करायला लावतेय. देव पिशवीत घेतले, अण्णांचा फोटो घेतला, कुलूप मी लावलं. ती कुलपाकडे बघतच राहिली. "कसं सोडून जावं गं," एवढंच म्हणाली. मी तिला धरून पुढच्या सीटवर बसवलं, मागं हाताला हिसके बसतील म्हणून. पट्टा लावला.

भर सकाळ होती. गल्लीतल्या बायका निरोपाला उभ्या. मी चावी फिरवली, ब्रेक दाबला.

दांडा हलला नाही.

मला राग आला नाही या वेळी. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, आता कोण राहिलं? घरात कुणी नव्हतं. आत्या तिच्या गावी होती, सुनेजवळ. मांजरसुद्धा नाही आमच्याकडे. माय अगदी हळू म्हणाली, "संगे... तू इचारलंस का?"

मी उतरले. सगळी गल्ली बघत होती, ज्यांना मी अंगाऱ्या-धुपाऱ्यावरून नेहमी टाकून बोलते त्या सगळ्या बायका बघत होत्या. मी गाडीला चक्कर मारली. बॉनेटवर दोनदा थाप मारली. घसा खाकरून मोठ्यानं म्हटलं, "ऱ्हायलं का कुनी?"

कुणी ओ दिली नाही. लिंबाच्या झाडावर कावळा होता, तोही गप्प. पण तसंच उभं राहून ऐकत असताना मला एक गोष्ट लख्ख समजली. अण्णांनी जन्मभर सगळ्यांसाठी विचारलं. ते शेवटी चढायचे, म्हणून ते चढले की नाही हे बघायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही. त्यांच्यासाठी कुणी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हाही नाही, त्या येळवशीला, दोन बैलगाड्यांच्या मधे.

मी वळून बघितलं तर माय एका हातानं पट्टा सोडून खाली उतरली होती. पुढचं दार तिनं उघडंच ठेवलं आणि स्वतः मागं जाऊन बसली, जिथं ती नेहमी बसायची. मी त्या उघड्या दाराशी गेले. गल्ली बघतेय, बघू दे. "अण्णा, बसा," मी म्हटलं. "चला आमच्यासोबत. कुणाला मागं नाही ठेवायचं."

मग जरा वेळ थांबले, माणसाला पाय आत घ्यायला लागतो तेवढा, आणि दार लावलं.

टक्. दांडा 'डी'वर आला.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आवाज सुरू झाला. टुंग टुंग टुंग. पुढच्या सीटवर काहीच नव्हतं. पिशवी नाही, पर्स नाही, फोटोसुद्धा मायच्या मांडीवर होता. समोर पट्ट्याचा लाल दिवा लागलेला. मी स्टिअरिंग घट्ट धरून सरळ रस्त्याकडे बघत राहिले, बाजूला बघायची माझी छाती झाली नाही.

मागून माय म्हणाली, रोजच्या आवाजात, भाजीत मीठ जास्त झाल्यावर बोलावं तसं, "आवो, पट्टा लावा की. पोरगी खामखा बेजार होयलीय."

आवाज चालूच राहिला.

"न्हाई ऐकायचे," माय म्हणाली. आणि श्रावणापासून पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं.

गंगाखेडला नेहमीच्या जागी मी गाडी थांबवली. डावीकडे न बघता हात पसरून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि अडकवला. आवाज थांबला. गोदावरीचा पूल गेला, माय डुलक्या घेऊ लागली, आणि मी घरापर्यंत रडत गाडी चालवली. परभणीत दाराशी पोचल्यावर मायनं आधी पुढचं दार उघडलं, थांबली, आणि मग आपल्या पिशव्या काढल्या.

सीटखालचा सेन्सर मी नंतर तपासून घेतला. चांगला आहे. दांडा त्यानंतर एकदाही अडकलेला नाही. निघताना मी गाडीला चक्कर मारते आणि विचारते. शेजारचा चपलांचा दुकानदार आता माझ्याकडे आदरानं बघतो, तेही मी सहन करते. माय आमच्याकडे रुळली, बीपी ताब्यात आहे. तिला घेऊन कुठं निघाले की टुंग टुंग होतं, मी पट्टा लावते, आम्ही निघतो. ह्यांना विचाराल तर सेन्सर.

एकच सांगायचं राहिलं. हा आवाज माय सोबत असली तरच येतो. मी एकटी दुकानात जाते, एकटी परत येते, रोज निघताना मनापासून विचारते, पुढचं दार उघडून थांबतेही. सीट गप्प असते. असं का, ते मला आजही सांगता येत नाही. आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.